पाहुणी

अहवाल आधी मॅरेननेच उघडायचा, हा नियम शॉनाने घातला होता. सुई शॉनाच्या दंडात शिरायची, रक्त तिचं जायचं, पण कागद यायचा तो चारशे किलोमीटरवर हॅलिफॅक्समध्ये, मॅरेनकडे.

"बाळ तुझं, तर बातमीही आधी तुझी," शॉना पहिल्याच भेटीत म्हणाली होती. "मी आपली घरमालकीण. पाहुणीला आलेली पत्रं मी फोडत नाही."

शॉना गूथ्रो ही मॅरेन आणि आल्डन कॉर्कम यांचं बाळ पोटात वाढवत होती. मॅरेनची गर्भपिशवी बत्तिसाव्या वर्षी कर्करोगामुळे काढावी लागली. काढण्याआधी डॉक्टरांनी तिची बीजं घेऊन ठेवली, आल्डनच्या बीजाशी जुळवून चार भ्रूणं तयार केली आणि एकेका नळीत गोठवली. उरला तो फक्त जागेचा प्रश्न. या देशात दुसऱ्याचं मूल पोटात वाढवण्याचे पैसे घेता येत नाहीत, झालेला खर्च तेवढा भरून द्यायचा. म्हणून इथे जोडपं बाई निवडत नाही, बाई जोडपं निवडते. कॉर्कम नवरा-बायकोने संस्थेकडे आपली माहिती आणि फोटो दिले आणि एकवीस महिने वाट पाहिली. शेवटी केप ब्रेटन बेटावरच्या ग्लेस बे गावातल्या, दोन मुलींच्या आईने त्यांना निवडलं.

"आम्हीच का?" मॅरेनने तिला एकदा विचारलं होतं.

"बाकीच्यांच्या फोटोत समुद्र, कुत्रा आणि मापाचे स्वेटर. तुझ्या नवऱ्याने शर्ट उलटा घातला होता. म्हटलं, ही माणसं खरी दिसतायत."

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी मॅरेन प्रयोगशाळेत होती. किनाऱ्यावरच्या शेतांमधून आलेल्या शिंपल्यांमध्ये विष आहे का, हे तपासायचं तिचं काम. शिंपला वरून निरोगीच दिसतो, चवीलाही कळत नाही. आकडा सांगतो तेव्हाच कळतं. बारा वर्षांत तिने आकड्याशी कधी हुज्जत घातली नव्हती.

तिने हातमोजे काढले आणि फोनवर अहवाल उघडला. आईच्या रक्तात बाळाचे जे बारीक धागे फिरत असतात त्यांची ही तपासणी, दहाव्या आठवड्यात करतात. पहिल्या पानावर सगळं ठीक होतं. दुसऱ्या पानावर शेवटून तिसरी ओळ होती : लिंग, पुरुष.

मॅरेनने पान वर सरकवून नाव पाहिलं. शॉना गूथ्रो. जन्मतारीख बरोबर. नमुन्याचा क्रमांक बरोबर. पुन्हा खाली आली. ओळ तिथेच होती.

त्यांनी ठेवलेलं भ्रूण मुलीचं होतं.

याबाबत शंकेला जागाच नव्हती, कारण मुलीचं होतं म्हणूनच ते ठेवलं होतं. मॅरेनचा धाकटा भाऊ एरिक स्नायू झिजवणाऱ्या आजाराने गेला. हा आजार आईकडून येतो आणि मुलग्यांना धरतो. आठव्या वर्षी एरिक जिन्यावर बसून चढायला लागला, अकराव्या वर्षी खुर्चीत आला, एकोणिसाव्या वर्षी त्याच्या छातीला श्वास ओढणं जमेना. शेवटची दोन वर्षं त्याला रात्री कुशीवर वळवायचं काम मॅरेनकडे होतं. चार भ्रूणांपैकी दोन मुलगे निघाले, दोघांतही तो दोष. दोन मुली निघाल्या, दोघी निर्दोष. पहिली मुलगी मागच्या वसंतात शॉनाच्या पोटात ठेवली, ती रुजली नाही. दुसरी नोव्हेंबरमध्ये ठेवली. ती शेवटची होती.

मॅरेनने उरलेल्या सहा नमुन्यांचं काम पुरं केलं, आकडे नोंदवले आणि मग घरी गेली.

आल्डन बंदरातल्या फेरीबोटीवर दोर बांधायचं काम करतो. तो साडेपाचला आला. टोपी काढायच्या आत तिने त्याला कागद दाखवला. त्याने वाचला, खुर्चीत बसला.

"म्हणजे त्यांनी नळ्यांची अदलाबदल केली," तो म्हणाला. "मुलगी ठेवायची तर मुलगा ठेवला."

"असू शकतं."

"त्या दोघांपैकी एक."

"असू शकतं, म्हटलं ना."

आल्डन बराच वेळ टोपीची कड चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, "तसं असेल तर तो आपलाच आहे, मॅरेन."

ज्या आजारापासून वाचण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच आजाराचं पोर नशिबी यावं अशी आपला नवरा आशा करतोय, हे तिच्या लक्षात आलं. आणि आपणही तेच करतोय, हेही. तिने एरिकला उताणा पाहिला होता, कुशीवर पाहिला होता, निळा पडलेला पाहिला होता. तरी तिचं मन म्हणत होतं, तोच असू दे. जिन्याला लावायची खुर्ची मिळते. आता औषधंही बरी आलीत.

बुधवारी तिने दवाखान्यात फोन केला. परिचारिका बर्नाडेट त्यांना पहिल्या दिवसापासून ओळखत होती. ती म्हणाली, "मी स्वतः टाकीपाशी जाते. कुणावर सोपवत नाही." गुरुवारी तिचा फोन आला.

"दोन्ही नळ्या जागेवर आहेत, बाई. दोन्हींवर तुझं नाव, मुलगा, मुलगा. मी वाचल्या, डॉक्टरांनी वाचल्या. ठेवायच्या दिवशीची चित्रफीतही पाहिली. मुलीचीच नळी उघडली होती."

"ठीक आहे," मॅरेन म्हणाली.

"ठीक कसलं? प्रयोगशाळेचा घोळ असेल. मी त्यांना नमुना पुन्हा तपासायला लावते. तू जेवून घे."

त्या संध्याकाळी आल्डनने नवीन वाट काढली. जुळी असतील, एक मुलगा विरून गेला असेल, त्याचे धागे रक्तात राहिले असतील; असं होतं म्हणे. होतं, हे मॅरेनलाही माहीत होतं. पण सातव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली तेव्हा पडद्यावर एकच पिशवी होती आणि तीत एकच जीव. शॉनाने फोन पडद्यासमोर धरला होता. इकडे स्वयंपाकघरात आल्डनने दुसऱ्या फोनवर हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करून घेतले होते, एकोणीस सेकंदांचे. तेव्हापासून रोज सकाळी कॉफी उकळेपर्यंत तो ते लावायचा. बोटीवरच्या लोकांनाही त्याने ऐकवले होते. "शिवणयंत्रासारखं वाजतंय," बोटीचा तांडेल म्हणाला होता, आणि आल्डनला ते इतकं आवडलं की तो आठवडाभर तेच सांगत फिरला.

"एकच होतं," मॅरेन म्हणाली.

"तू प्रत्येक गोष्टीचं दार लावून घेतेस."

"मी लावत नाही. ते लागलेलंच आहे."

पुढच्या शुक्रवारी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली एक बाई मॅरेनशी बोलली. आवाज तरुण होता आणि फार जपून येत होता. "तुमच्या अर्जावर लिहिलंय की गर्भ दुसऱ्या स्त्रीच्या बीजाचा आहे," ती म्हणाली. "म्हणजे ज्यांचं रक्त घेतलं त्यांच्याशी बाळाचं काहीच जुळायला नको. आम्ही दोनदा मोजलं. अर्धं जुळतं."

"अर्धं," मॅरेन म्हणाली.

"जसं आईशी जुळतं तसं."

मॅरेनने तिचे आभार मानले. किती नमुने, कोणती पद्धत, चुकीची शक्यता किती, हे तिने विचारलं नाही. त्या पोरीने काम नीट केलं होतं, हे तिला आवाजावरून कळलं.

मग बर्नाडेटचा फोन आला. "रुग्ण शॉना आहे, त्यामुळे तिला सांगायचा हक्क आणि जबाबदारी डॉक्टरांची. ते सोमवारी सकाळी फोन करतील. त्याआधी तुला जायचं असेल तर, मॅरेन, मध्ये शनिवार-रविवार आहे. मी एवढंच बोलू शकते."

आता सगळं कोड्यासारखं सुटत गेलं, आणि मॅरेनला ते सुटायला नको होतं. पहिल्या खेपेला शॉनाला गोळ्या आणि सुया देऊन तिच्या शरीराचं स्वतःचं चक्र बंद केलं होतं. कुल्ल्यांवर तेलाच्या जाड सुया, अकरा आठवडे द्यायचं ठरलं होतं. भ्रूण रुजलं नाही म्हणून अडीच आठवड्यांत थांबल्या. तेवढ्यातही शॉनाच्या कमरेवर पिकलेल्या जांभळासारखे डाग पडले. बसताना ती एका कडेवर बसायची आणि विनोद करायची. मॅरेनला ते बघवेना. तिने शोधनिबंध वाचले. ज्या बाईची पाळी नियमित आहे तिच्या नैसर्गिक चक्रातही भ्रूण ठेवता येतं, सुया लागत नाहीत, यश तेवढंच. तिने कागद छापून डॉक्टरांपुढे ठेवले. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही. शॉना म्हणाली, "देव तुझं भलं करो, माझ्या ढुंगणाने प्रार्थना ऐकली."

नैसर्गिक चक्रात बाईचं स्वतःचं बीज सुटतं. ते सुटलं की दिवस मोजायचे आणि पाचव्या दिवशी भ्रूण ठेवायचं. करारात लिहिलं होतं की पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत नवरा-बायकोने लांब राहायचं. दोघांच्या सह्या होत्या. शिवाय शॉनाचा नवरा ब्रेंट अल्बर्टातल्या तेलाच्या छावणीवर काम करायचा, वीस दिवस तिकडे आणि दहा दिवस घरी. तारखा काढताना सगळ्यांनी बघितलं होतं की त्या आठवड्यात तो तिकडेच असेल.

त्याच रात्री आल्डन म्हणाला, "तिला विचारायचं."

"काय?"

"तुला माहीत आहे काय. त्यांना तिसरं नको होतं. तिने स्वतः सांगितलं होतं, दोन बास झाली. दोन महिने तिने पोराबाळांना, शेजाऱ्यांना, चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलंय की हे मॅरेनचं बाळ. मग ते मॅरेनचंच असू दे की. दत्तक म्हण, काहीही म्हण."

"त्याचं आपल्याशी काही जुळत नाही."

"मला जुळवायचं नाही. मला तो हवा आहे."

तिलाही हवा होता. तिने गाडीत बसताना वाक्य तयार केलं. लहान, एका दमात म्हणता येण्यासारखं : शॉना, तुम्ही त्याला आम्हाला द्याल का? आल्डन बरोबर येणार होता, तिने येऊ दिलं नाही. दोघं गेलो तर ती मागणी होईल, एकटी गेले तर प्रश्न राहील, असं तिला वाटलं.

शनिवारी रस्ता मोकळा होता. बेटाला जोडणारा कॅन्सोचा बांध ओलांडताना डाव्या हाताला समुद्रावर बर्फाचे तुकडे दाटले होते. ग्लेस बेला ती दुपारी एकला पोचली. ब्रेंट घरी होता, अंगणातला बर्फ ओढत होता. मुली त्याने केलेल्या ढिगावरून घसरत होत्या. त्याने फावडं उंचावून हात केला. "न सांगता? आत जा, गोठशील. मी काच साफ करतो तुझी."

शॉना ओट्याशी उभी राहून ओटची बिस्किटं जाळीवर काढत होती. तिने मॅरेनकडे एकदा पाहिलं.

"फोन न करता आलीस म्हणजे पाहुणीचं काहीतरी आहे."

"अहवाल चांगला आहे. बाळ निरोगी आहे." हे आधी सांगायचं तिने ठरवलं होतं.

"मग तोंड असं का, वाळत घातलेल्या कॉड माशासारखं? बस. चहा झालाय."

मॅरेन बसली. फ्रिजच्या दारावर थोरल्या कीलीने काढलेलं चित्र होतं. पोटाच्या आकाराचं घर, त्यात पलंगावर झोपलेली एक चिमुकली पाहुणी, आणि घराच्या दारातून निघून कागदाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला रस्ता. टोकाला दोन माणसं उभी होती. एकाचा शर्ट उलटा होता.

"मुलगा आहे, शॉना."

शॉनाने बिस्किटाचा कलथा खाली ठेवला. आधी तिला हसू आलं. "घ्या. म्हणजे एवढ्या शिकलेल्या लोकांनी चुकीची बाटली..." मग हसू ओसरलं. "थांब. मग तो एरिकसारखा? अगं, मॅरेन."

"नाही. तो आजार त्याला नाही. तो आमचा नाही."

"मग कुणाचा? दुसऱ्या कुठल्या जोडप्याचा?"

"तुझा. तुझा आणि ब्रेंटचा."

चहाची किटली शेगडीवर वाफ सोडत होती. शॉनाने हात मागे नेऊन शेगडी बंद केली, न बघता.

"हे होऊ शकत नाही. आम्ही सही केली होती." ती सावकाश बसली. "सही केली होती आम्ही."

मॅरेनला प्रश्न विचारायचा नव्हता, आणि तो विचारावाही लागला नाही.

"छावणीत उलट्या-जुलाबाची साथ आली होती," शॉना टेबलाकडे पाहत म्हणाली. "त्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं. तो चार दिवस आधी आला. मी तुला कळवलं नाही, म्हटलं त्यात काय कळवायचं, माणूस घरी आला." ती थांबली. "एकदाच गं. आणि भ्रूण ठेवायच्या आधी. नंतर नाही, मुलींची शपथ. नंतर तर मी त्याला दिवाणखान्यात झोपवला."

"हो."

"मला वाटलं, अजून ठेवलंच नाही तर काय होणार? गेल्या खेपेला माझं सगळं बंदच केलं होतं ना. मला वाटलं, तसंच असेल."

"या खेपेला बंद नव्हतं," मॅरेन म्हणाली. "सुया नकोत म्हणून. ते मी सांगितलं होतं."

बाहेर फावडं दगडाला घासल्याचा आवाज आला. करारात तो नियम होता, पण का होता ते कुणी शॉनाला नीट सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना वाटलं वकिलाने सांगितलं असेल. वकिलाला वाटलं डॉक्टरांनी. मॅरेनला तर वाटलंच नव्हतं की हे कुणाला सांगावं लागतं.

"तुझी मुलगी," शॉना म्हणाली. "माझ्यामुळे गेली का ती? याने जागा घेतली म्हणून?"

मॅरेनला याचं उत्तर माहीत नव्हतं. कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "ती रुजलीच नसती." पुराव्याशिवाय असं ठाम विधान तिने याआधी कधी केलं असेल, तर तिला आठवत नव्हतं.

तेव्हा शॉनाचा उजवा हात टेबलावरून खाली गेला आणि पोटावर टेकला. मॅरेनने तो पाहिला. एवढ्या आठवड्यांत शॉनाने पोटाला असा हात लावलेला तिने पाहिला नव्हता. मुद्दामच लावायची नाही ती. "पाहुण्यांच्या अंगाखांद्याला आपण हात लावत नाही," म्हणायची, आणि मॅरेनचा हात धरून तिथे ठेवायची. आता तो हात तिथे गेला तो तिला न विचारता. तळवा पसरून, बोटं किंचित वळवून, जसा झोपलेल्या पोरावर जातो तसा.

दार उघडलं. कीली बर्फाचे बूट तसेच घेऊन आत आली.

"मॅरेन, पाहुणी आता लिंबाएवढी झाली. आई म्हणाली, पुढच्या आठवड्यात सफरचंद."

"बूट," शॉना म्हणाली. "आणि बाबांना आत बोलाव. तू आणि टेस बाहेरच खेळा जरा."

"का?"

"कारण मी सांगते म्हणून."

ब्रेंट आला. त्याने एक बूट काढला आणि दोघींचे चेहरे पाहून दुसरा काढायचं विसरला. शॉनाने त्याला सांगितलं, चार वाक्यांत, मॅरेनने जसं सांगितलं होतं त्याच क्रमाने. तो दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता.

"मुलगा?" तो म्हणाला.

आणि तो स्वतःला आवरायच्या आत त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं. अगदी क्षणभर. लगेच त्याने मान खाली घातली, कान लाल झाले आणि तो ओल्या बुटाकडे बघत म्हणाला, "मॅरेन, मी... तुला काय तोंड दाखवू मी." हे त्याने मनापासून म्हटलं. आधीचं जे चेहऱ्यावर आलं होतं तेही मनापासूनच होतं. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

मॅरेनने तयार केलेलं वाक्य तिच्या तोंडात होतं. तिने ते तिथेच ठेवलं.

चहा कुणी ओतला नाही. ती उठली तशी शॉनाही उठली, आणि दारापाशी तिने मॅरेनची बाही धरली. ब्रेंट मुलींकडे गेला होता.

"तू काहीतरी विचारणार होतीस."

"लोहाच्या गोळ्यांचं. बंद करू नकोस. आणि दवाखान्यातल्या फाइलवर माझं नाव आहे, ते सोमवारी बदलून घे. नाहीतर पुढची तपासणी अडेल."

"मॅरेन."

"सफरचंद व्हायला अजून थोडे दिवस आहेत," मॅरेन म्हणाली. "कीलीला सांग."

शॉना रडायला लागली. ती रडत होती आणि हात पुन्हा खाली गेला होता. तिला ते कळलंही नसावं. मॅरेनने तिला मिठी मारली, पण खांद्यांनीच; मध्ये जागा ठेवून.

गाडीची काच ब्रेंटने लख्ख पुसली होती. मागच्या सीटवर त्याने किंवा शॉनाने ओटच्या बिस्किटांचा डबा कधी ठेवला, ते तिला समजलं नाही. बांधाच्या अलीकडे तिने गाडी कडेला घेतली आणि आल्डनला फोन लावला.

"विचारलंस?"

"नाही."

"आपण ठरवलं होतं."

"हो."

त्याच्या मागे बोटीचा भोंगा वाजला. तो मोकळ्या जागी गेला असावा, कारण वारा ऐकू यायला लागला. "ते नाही म्हणाले असते का?"

"त्यांना म्हणावं लागू नये, असं मला वाटलं."

मग आल्डन म्हणाला, "मग आपली कधी गेली? कुठल्या दिवशी?"

मॅरेनने विचार केला. गोठवलेलं भ्रूण वितळल्यावर एक दिवस टिकतं, दोन, फार तर सहा-सात. तपासणीचा निकाल आला तो बारावा दिवस. त्या दिवशी आल्डनने धिरडी केली होती आणि पहिलंच जाळलं होतं. ग्लेस बेमध्ये कीलीने चित्र काढलं होतं. ज्या दिवशी ती आहे असं सगळ्यांना कळलं, त्या दिवशी ती नव्हती. बहुतेक कधीची नव्हती.

"तारीख सांगता येत नाही," ती म्हणाली.

"तुला सुद्धा?"

"मला सुद्धा."

रविवारी सकाळी दोघं स्वयंपाकघरात बसले होते. रविवारी दहा वाजता शॉनाचा निरोप यायचा, नोव्हेंबरपासून एकही चुकला नव्हता, आणि तो कायम एकच असायचा : पाहुणी बरी आहे. दहा वाजले. सव्वादहा झाले. आल्डनने कॉफी चढवली आणि सवयीने फोन हातात घेतला. बोट त्या एकोणीस सेकंदांवर गेलं आणि थांबलं.

"हे पुसून टाकू का?"

"नको," मॅरेन म्हणाली. "तिला पाठवून दे. तिच्याकडे नाही ते. तिने काहीच ठेवलेलं नाही."

त्याने पाठवलं. सोबत काही लिहिलं नाही. कॉफी उकळून वर आली, मॅरेनने उठून ती खाली घेतली. ती परत आली तेव्हा आल्डनने फोन टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवला होता. संदेश पोचल्याची खूण आली होती. थोड्या वेळाने ऐकल्याची खूणही आली. ती एकदाच येते. पुढे किती वेळा ऐकलं, ते तीवरून कळत नाही.